एफएसपीएस: आयएमएफचे बटण हातात देणारे सॉफ्टवेअर, पण ते दीर्घिकेचे मॉडेल नव्हे

नागपुरात कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा ढीग लागला की छाटणी सुरू होते. मोठी फळे मोजकी, मध्यम त्याहून जास्त, बारीक माल भरपूर. लांबून नजरेत भरतात ती मोठी फळे, पण काट्यावर बारीक मालाचे वजनही मोठे निघते. वायूच्या एका ढगातून तारे जन्मतात तेव्हाही असेच वाटप होते. कोणत्या वस्तुमानाचे किती तारे जन्मले, या वाटपाला खगोलशास्त्रात इनिशियल मास फंक्शन म्हणतात. आपण पुढे आयएमएफच म्हणू. दुर्बिणीत येणारा प्रकाश बहुतेक मोठ्या ताऱ्यांचा असतो, वजनाचा मोठा वाटा लहान ताऱ्यांचा. म्हणून दीर्घिकेचा प्रकाश मोजून तिच्यात तारे किती हे सांगायचे असेल, तर आयएमएफ आधी गृहीत धरावा लागतो. गृहीत चुकले तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

हे गृहीत स्वतः बदलून पाहण्याचे सर्वांत सोयीचे साधन म्हणजे एफएसपीएस, पूर्ण नाव फ्लेक्झिबल स्टेलर पॉप्युलेशन सिंथेसिस. चार्ली कॉनरॉय, जेम्स गन आणि मार्टिन व्हाइट यांनी 2009 पासून मांडलेले हे काम आहे. मूळ प्रोग्राम फोर्ट्रानमध्ये असून त्यावर पायथॉनचे आवरण मिळते. दोन्ही फुकट आणि मुक्तस्रोत आहेत. नागपुरात एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्या मुलांना, आणि त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांना, हे साधन आम्ही मोकळ्या मनाने सुचवतो. मोठा संगणक लागत नाही, 8 जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. मात्र ते काय करते आणि काय करत नाही हे नीट कळले नाही, तर हाती आलेला सुंदर आलेख साफ चुकीचा असू शकतो. पुढचा बराचसा मजकूर त्याच चुकांबद्दल आहे.

आधी बसवणे. विंडोजवर थेट बसवण्याच्या भानगडीत पडू नका. डब्ल्यूएसएलमधून उबुंटू घ्या किंवा सरळ लिनक्स वापरा. जीफोर्ट्रान आणि गिट आधी टाका. मग एफएसपीएसची मूळ फाइलींची रास गिटने उतरवा. ती जड आहे आणि हॉस्टेलच्या वायफायवर मध्येच तुटते, म्हणून क्लोन करताना 'डेप्थ 1' हा पर्याय द्या. जुना इतिहास उतरत नाही आणि काम लवकर होते. फोल्डर लिनक्सच्या होममध्येच ठेवा. विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवलात तर डब्ल्यूएसएलला प्रत्येक फाइल वाचायला वेळ लागतो. यानंतर एसपीएस_होम हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल त्या फोल्डरकडे वळवा, ते बॅशआरसीमध्ये लिहा, आणि मगच पिपने पायथॉनचे पॅकेज घ्या. (पॅरामीटरांची नावे इथे देवनागरीत दिली आहेत, प्रोग्राममध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.) सर्वांत जास्त मुले अडकतात ती इथे: टर्मिनलमध्ये सगळे चालते, पण ज्युपिटर नोटबुक दुसरीकडून सुरू केल्यामुळे तिला एसपीएस_होम माहीतच नसते आणि इम्पोर्टलाच गाडी थांबते. ज्या टर्मिनलमध्ये व्हेरिएबल लागू आहे त्याच टर्मिनलमधून नोटबुक उघडा, प्रश्न मिटतो.

बसले की पहिले काम, 'लायब्ररीज' हा गुणधर्म छापून पाहा. कोणत्या आयसोक्रोन (एकाच वयाच्या ताऱ्यांचे तक्ते) आणि कोणत्या वर्णपटसंग्रहावर तुमचा प्रोग्राम उभा आहे हे तो सांगतो. मुळात मिस्ट आणि माइल्स ही जोडी मिळते. पाडोव्हा वगैरे हवे असेल तर ते चालवताना बदलता येत नाही, कंपाइल करतानाच फ्लॅग देऊन मिस्ट बंद आणि पाडोव्हा सुरू करावा लागतो. ही ओळ प्रोजेक्टच्या वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी आकडे जुळेनासे झाले की कारण बरेचदा इथेच सापडते.

आता मुख्य बटण. आयएमएफ_टाइप या पॅरामीटरला 0 दिले की सॉल्पीटरचा 1955 चा आयएमएफ, 1 दिले की शाब्रिए 2003, 2 दिले की क्रूपा 2001, 3 म्हणजे व्हॅन डोक्कम 2008, 4 म्हणजे दावे 2008, आणि 5 म्हणजे डेटा फोल्डरमधल्या फाइलीत तुम्ही स्वतः लिहिलेले तुकडे. काहीच सांगितले नाही तर क्रूपा चालतो, 0.08 ते 120 सौरवस्तुमानांपर्यंत (एक सौरवस्तुमान म्हणजे सूर्याएवढे वस्तुमान). क्रूपा निवडला असेल तर आयएमएफ1, आयएमएफ2 आणि आयएमएफ3 हे तीन उतार हाताळता येतात: 0.08 ते 0.5 साठी 1.3, 0.5 ते 1 साठी 2.3 आणि 1 च्या वर 2.3. उतार जितका मोठा, तितके जड तारे कमी.

इथे एक गोष्ट जपा. हे तीन उतार फक्त टाइप 2 मध्ये चालतात. टाइप 0 किंवा 1 ठेवून आयएमएफ3 बदलले, तर कसलीही तक्रार न करता प्रोग्राम तेच जुने उत्तर देतो. मुलांना वाटते, आयएमएफ बदलून काहीच फरक पडत नाही, आणि तोच निष्कर्ष प्रोजेक्टमध्ये जातो. उतार 2.3 वरून 4 सारख्या टोकाला नेऊन एकदा उत्तर हलते का, हे पाहूनच पुढे जा.

प्रोग्रामवर विसंबण्याआधी काही आकडे हाताने काढा. सॉल्पीटर, क्रूपा आणि उतार बदललेला क्रूपा ही तीनही वाटपे घात-नियमाच्या (पॉवर लॉ) तुकड्यांची आहेत, त्यामुळे बारावीच्या समाकलनात काम होते. सीमा 0.08 ते 120 धरा आणि एकूण जन्मलेले वस्तुमान 100 सौरवस्तुमान घ्या. सॉल्पीटरमध्ये 8 सौरवस्तुमानांहून जड तारे 0.68 निघतात, क्रूपामध्ये 1.09. आता क्रूपाचा फक्त वरचा उतार 2.3 वरून 1.9 करा, तोच आकडा 1.91 होतो. वजनाच्या भाषेत पाहा: 8 च्या वरच्या ताऱ्यांत क्रूपामध्ये एकूण वजनाचा 22 टक्के वाटा असतो, उतार 1.9 केला की 47 टक्के. उतारातला 0.4 चा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण अर्धे वजन लवकर मरणाऱ्या ताऱ्यांत जाते. खालच्या टोकाला सॉल्पीटर 51 टक्के वजन अर्ध्या सौरवस्तुमानाहून हलक्या ताऱ्यांत ठेवतो, क्रूपा 28 टक्के. सगळीकडे उतार 3 केला तर 84 टक्के.

हे 1.9 हवेतून घेतलेले नाही. मोठ्या मॅगेलनी मेघातल्या 30 डोराडस या ताराजन्माच्या प्रदेशात 2018 मध्ये ताऱ्यांचे थेट मोजमाप झाले, तेव्हा 15 ते 200 सौरवस्तुमानांच्या पट्ट्यात उतार सुमारे 1.9 आला, म्हणजे सॉल्पीटरच्या 2.35 पेक्षा बराच उथळ. त्रुटीची सीमा मोठी होती, वरच्या बाजूला 0.37 आणि खालच्या बाजूला 0.26, त्यामुळे हा शेवटचा शब्द मानू नये. पण प्रोजेक्टमध्ये 'जड ताऱ्यांकडे झुकलेला आयएमएफ' म्हणून कोणता आकडा घालावा, याला हा चांगला आधार आहे. नागपूरहून हा प्रदेश दिसत नाही, कारण आपण 21 अंश उत्तरेला आणि तो 69 अंश दक्षिणेला, म्हणजे क्षितिजाशी जेमतेम लागलेला. आपल्याकडून दिसतो तो मृग नक्षत्रातला तेजोमेघ, सुमारे 1,350 प्रकाशवर्षांवर, जड तारे जन्मत असलेला आपल्या सर्वांत जवळचा मोठा प्रदेश. मृग बहाराच्या बागा ज्या नक्षत्राच्या नावाने ओळखल्या जातात, त्याच मृगात हा कारखाना चालू आहे. रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात मृग पाहिलेल्या मुलाला आयएमएफ शिकवायला इथूनच सुरुवात करावी.

पुन्हा सॉफ्टवेअरकडे. पहिल्यांदा वर्णपट मागितला की प्रोग्राम थांबल्यासारखा वाटतो. तो बंद पडलेला नसतो, तो एकाच वेळी जन्मलेल्या ताऱ्यांचे वर्णपट सगळ्या वयांसाठी बांधत असतो. माइल्सच्या जोडीत प्रत्येक वर्णपटात 5,994 तरंगलांबी असतात. झेडकंटिन्यूअस 1 ठेवले असेल तर हे काम प्रत्येक मेटॅलिसिटीसाठी (जड मूलद्रव्यांच्या प्रमाणासाठी) होते. एकदा बांधले की धूळ किंवा ताराजन्माचा इतिहास बदलणे झटपट होते. आयएमएफचा कोणताही पॅरामीटर हलवला मात्र की सगळी बांधणी पहिल्यापासून. म्हणून लूप लिहिताना आयएमएफ बाहेरच्या लूपमध्ये आणि धूळ, वय, इतिहास आतल्या लूपमध्ये ठेवा. उलटे लिहिले तर अर्ध्या तासाचे काम रात्रभर चालते. मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना रात्रभर तापलेला लॅपटॉप स्वतःचा वेग कमी करतो आणि काम आणखी लांबते. तो कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, ती हवा ओली असते. खालून हवा जाईल असा उंच ठेवा आणि जड गणिते पहाटे लावा.

यापेक्षा धोकादायक एक चूक आहे, कारण ती दिसत नाही. एकाच नोटबुकमध्ये एक वस्तू क्रूपाची आणि एक सॉल्पीटरची, अशा दोन स्टेलरपॉप्युलेशन बनवून आळीपाळीने वर्णपट काढायचा मोह होतो. पायथॉनला त्या दोन वेगळ्या वाटतात, पण आतली फोर्ट्रानची स्मृती एकच आहे. दुसरीने बांधलेले तक्ते पहिलीच्या नावाने परत येऊ शकतात. एकच वस्तू ठेवा, एका आयएमएफचे सगळे आकडे काढून फाइलीत साठवा, मगच पुढचा आयएमएफ लावा. टाइप 5 मध्ये फाइल हाताने बदलली तर पायथॉनला त्याची खबर नसते, तिथे कर्नल पुन्हा सुरू करणेच सुरक्षित.

प्रकाश आणि वजन यांचा मेळ घालताना आणखी एक घोळ होतो. प्रोग्राम एक सौरवस्तुमान जन्मले असे धरून प्रकाश देतो. जन्मलेले आणि आज उरलेले वजन एक नव्हे. उरलेले वजन स्टेलर_मास या गुणधर्मात मिळते, आणि अॅड_स्टेलर_रेम्नंट्स सुरू असेल, जे मुळात सुरूच असते, तर त्यात मेलेल्या ताऱ्यांचे अवशेषही धरलेले असतात. अवशेषांचा नियम सरळ आहे: 40 सौरवस्तुमानांच्या वरचा तारा निम्मे वजन कृष्णविवरात ठेवतो, 8.5 ते 40 मधला 1.4 चा न्यूट्रॉन तारा ठेवतो, आणि त्याखालचा श्वेत बटू ठेवतो, ज्याचे वजन जन्मवजनाच्या 0.077 पटीत 0.48 मिळवून येते. सुमारे 10 अब्ज वर्षांनी एक सौरवस्तुमानाच्या वरचे सगळे तारे संपले असे धरून आम्ही हिशोब केला, तर क्रूपामध्ये 59 टक्के वजन उरते आणि 41 टक्के वायू होऊन परत जाते. सॉल्पीटरमध्ये 27 टक्केच परत जाते. उतार 1.9 च्या वाटपात 55 टक्के. एवढ्या वयाला तुमच्या स्टेलर_मासचा आकडा क्रूपासाठी 0.6 च्या आसपास येत नसेल तर काहीतरी गडबड आहे असे समजा.

एवढी तयारी झाली की आयएमएफचा खरा परिणाम समजायला लागतो. आमच्या मते या सॉफ्टवेअरची सर्वांत मोठी किंमत इथे वसूल होते. आयएमएफमध्ये दोन प्रकारचे बदल असतात आणि त्यांचे स्वभाव पूर्ण वेगळे आहेत.

पहिला बदल फक्त खालच्या टोकाला. सॉल्पीटर सोडून शाब्रिए घेतला की हलके तारे कमी होतात. ते तारे प्रकाश जवळजवळ देतच नाहीत, फक्त वजन देतात. त्यामुळे तरुण दीर्घिका असो की म्हातारी, उत्तर जवळपास एकाच पटीत बदलते. सॉल्पीटरने काढलेल्या तारकीय वस्तुमानाला 0.61 ने गुणले की शाब्रिएचे मिळते, क्रूपासाठी 0.66. ताराजन्माच्या दरासाठी हेच गुणक 0.63 आणि 0.67 आहेत. दोन्ही जोड्या किती जवळ आहेत पाहा. म्हणून जुन्या शोधनिबंधांतले आकडे एका आयएमएफवरून दुसऱ्यावर नेणे सोपे असते, फक्त निबंधात कोणता आयएमएफ होता हे वाचायचे कष्ट घ्यावे लागतात. ताराजन्माच्या दराचे 1998 चे प्रसिद्ध गुणांक सॉल्पीटरचे आहेत. ते जसेच्या तसे शाब्रिएच्या वस्तुमानाशेजारी ठेवले की दीर्घिका खऱ्यापेक्षा दीडपटीहून अधिक वेगाने तारे जन्माला घालताना दिसते.

दुसरा बदल वरच्या टोकाला, आणि इथे एक गुणक पुरत नाही. उतार 1.9 करा. जन्मलेल्या प्रत्येक सौरवस्तुमानामागे जड तारे 1.75 पट होतात, म्हणजे तरुण दीर्घिका तेवढ्याच वजनाला जास्त उजळ दिसते. पण एक सौरवस्तुमानाच्या आसपासचे तारे, ज्यांच्यावर म्हाताऱ्या दीर्घिकेचा प्रकाश चालतो, ते 0.56 पट राहतात. म्हणजे तरुण दीर्घिकेत क्रूपा वापरून तुम्ही ताराजन्माचा दर फुगवून सांगाल, आणि त्याच दीर्घिकेच्या म्हातारपणी जन्मलेले वस्तुमान सुमारे 1.8 पट कमी सांगाल. दोन चुका एकमेकींच्या उलट दिशेला जातात. जेम्स वेब दुर्बिणीने 2022 नंतर विश्वाच्या बाल्यावस्थेत अपेक्षेहून उजळ दीर्घिका दाखवल्या, तेव्हा जड ताऱ्यांकडे झुकलेला आयएमएफ हे एक संभाव्य स्पष्टीकरण म्हणून चर्चेत आले ते याच पहिल्या अर्ध्यामुळे. दुसरा अर्धा, म्हणजे याच दीर्घिकांचे पुढे काय होते, तो तपासल्याशिवाय हे स्पष्टीकरण पुरे होत नाही.

म्हाताऱ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांत आणखी एक पेच आहे. वजन आणि प्रकाशाचे गुणोत्तर जास्त आले की आयएमएफ हलक्या ताऱ्यांकडे झुकला आहे, असे पटकन म्हटले जाते. पण उतार 1.9 च्या वाटपातही आमच्या वरच्या हिशोबाने हे गुणोत्तर क्रूपापेक्षा 36 टक्क्यांनी वाढते, कारण कृष्णविवरे आणि इतर अवशेष वजन देतात, प्रकाश देत नाहीत. केवळ गुरुत्वावरून दोघांत फरक करता येत नाही. 2012 मध्ये अॅटलास थ्रीडीच्या 260 दीर्घिकांच्या पाहणीतून जड दीर्घिकांत आयएमएफ बदलतो हे ताऱ्यांच्या गतीवरून पुढे आले, आणि त्याआधी 2010 मध्ये व्हॅन डोक्कम आणि कॉनरॉय यांनी वर्णपटातल्या सोडियम व लोह-हायड्राइडच्या खुणांवरून हलक्या ताऱ्यांचे आधिक्य दाखवले होते. उलट ईएसओ 325-जी004 या गुरुत्वभिंगी दीर्घिकेचे वजन 2013 मध्ये आपल्या आकाशगंगेसारख्याच आयएमएफशी जुळले. वेगवेगळ्या पद्धती एकाच दीर्घिकेबद्दल नेहमी एकमत होत नाहीत, हे ध्यानात ठेवून काम करावे.

याच ठिकाणी एफएसपीएसची एक मोठी मर्यादा आडवी येते. माइल्स संग्रहाचा बारीक तपशील 3,525 ते 7,500 अँगस्ट्रॉमपर्यंतच आहे. हलक्या ताऱ्यांची साक्ष देणारी सोडियमची जोडी 8,183 आणि 8,195 ला आहे, लोह-हायड्राइडचा पट्टा 9,900 च्या पुढे, कॅल्शियमची तिकडी 8,498 पासून. म्हणजे मूळ जुळणीत या खुणा ढोबळ वर्णपटावरच येतात, आणि त्यावरून हलक्या ताऱ्यांबद्दल काही सांगणे चुकीचे ठरेल. पट्ट्यातल्या टायटॅनियम ऑक्साइडच्या 6,200 जवळच्या खुणेवर काम करता येते, पण ती मेटॅलिसिटी आणि वयानेही हलते. रंग आणि तेजस्वितेच्या कामासाठी माइल्स उत्तम. खुणा मोजायच्या असतील तर सीथ्रीके संग्रहाने कंपाइल करा, किंवा या कामासाठीच कॉनरॉय यांनी लिहिलेला एएलएफ हा वेगळा प्रोग्राम घ्या.

वायूच्या चमकत्या रेषांचे बटणही जपून वापरा. अॅड_नेब_एमिशन सुरू केले की प्रोग्राम आधीच काढून ठेवलेल्या तक्त्यांतून रेषा घालतो. त्यांची ताकद आयनीकरण करणाऱ्या फोटॉनांच्या संख्येवरून ठरते, आणि ही संख्या आयएमएफप्रमाणे बदलते, इथवर ठीक. पण तक्त्यांतला वर्णपटाचा आकार बदलत नाही. उतार 1.9 केल्यावर किरण नुसते वाढत नाहीत, जास्त ऊर्जेचेही होतात, आणि दुहेरी आयनित ऑक्सिजनची रेषा हायड्रोजनच्या तुलनेत वर जायला हवी. तक्त्यात ते येत नाही. हायड्रोजनच्या रेषांवर भरवसा ठेवा, रेषांच्या गुणोत्तरांवर नको. गुणोत्तरे हवीच असतील तर वर्णपट बाहेर काढून क्लाउडी या वायूच्या रेषा काढणाऱ्या प्रोग्राममध्ये घाला.

आता दीर्घिकानिर्मितीच्या मॉडेलांकडे, कारण बरीच मुले इथूनच एफएसपीएसकडे येतात. टीएनजी आणि ईगल या दोन्ही मोठ्या सिम्युलेशनमध्ये शाब्रिएचा आयएमएफ आहे. त्यांत एकेक तारा नसतो, साधारण दहा लाख सौरवस्तुमानांचा एक कण असतो, आणि त्या कणातल्या ताऱ्यांचे वाटप आयएमएफ ठरवतो. समजा कण 14 लाख सौरवस्तुमानांचा आहे. क्रूपाच्या हिशोबाने त्यातून सुमारे 15 हजार सुपरनोव्हा होतील, उतार 1.9 ने सुमारे 27 हजार. प्रत्येकाची ऊर्जा 10 चा 51 वा घात अर्ग धरतात. ही वाढीव ऊर्जा आसपासचा वायू तापवून बाहेर फेकते आणि पुढची ताराजन्माची फेरी रोखते, यालाच फीडबॅक म्हणतात. पण त्याच वेळी 41 ऐवजी 55 टक्के वायू परत मिळतो, म्हणजे इंधन वाढते. तो वायू ऑक्सिजनसारख्या जड मूलद्रव्यांनी जास्त भरलेला असतो, आणि असा वायू लवकर थंड होतो, म्हणजे ताराजन्माला पुन्हा वाव. एक परिणाम खाली ओढतो, दोन वर. शेवटी काय होईल हे वय, दीर्घिकेचे वजन आणि वायूची घनता पाहून सिम्युलेशनच सांगू शकते.

एफएसपीएस यातले काहीही करत नाही. ताराजन्माचा इतिहास तुम्ही देता, ते प्रकाश देते. म्हणून सर्वांत जास्त दिसणारी चूक अशी: टीएनजीमधून ताराजन्माचा इतिहास घ्यायचा, जो शाब्रिएच्या सुपरनोव्हांनी घडलेला असतो, आणि एफएसपीएसमध्ये उतार 1.9 लावून 'आयएमएफ बदलल्यावर दीर्घिका अशी दिसेल' असे लिहायचे. ती दीर्घिका कोणत्याच विश्वात नसते. तिचा इतिहास एका आयएमएफचा आणि उजेड दुसऱ्याचा आहे. हा प्रयोग करण्यात गैर काही नाही, पण निष्कर्षात 'फक्त प्रकाशाचा टप्पा बदलला, फीडबॅक, परत मिळणारा वायू आणि मूलद्रव्ये जुनीच' हे वाक्य असायलाच हवे.

तुलनेची दुसरी बाजूही विसरू नये. ईगलसारखी मॉडेले आजच्या दीर्घिकांच्या तारकीय वस्तुमानाच्या वितरणाशी जुळवून घेतलेली असतात, आणि ते निरीक्षणातले वस्तुमानही शाब्रिए धरून काढलेले असते. मॉडेलमध्ये आयएमएफ बदलला आणि निरीक्षणाचे आकडे तसेच ठेवले, तर तुम्ही दोन वेगळ्या मापांनी मोजलेला माल एकाच काट्यावर ठेवता. यावर उपाय एकच, वस्तुमानाची तुलना सोडून प्रकाशाची तुलना करा. इथे मात्र एफएसपीएस मनापासून उपयोगी पडते. ईगलवर 2018 मध्ये दाबानुसार बदलणाऱ्या आयएमएफची जी सिम्युलेशने झाली, त्यांत वाटपाचा बदल फीडबॅक आणि मूलद्रव्यांपर्यंत नेला होता, म्हणून ती नमुना म्हणून वाचावीत. त्याआधी गॅलफॉर्म या अर्धविश्लेषणात्मक मॉडेलने 2005 मध्ये धूळभरल्या दूरच्या दीर्घिकांची संख्या जुळवण्यासाठी ताराजन्माच्या स्फोटात जड ताऱ्यांकडे फार झुकलेला आयएमएफ लावला होता. 2016 च्या आवृत्तीत तो बराच सौम्य केला.

पर्यायांबद्दल थोडक्यात. जोडताऱ्यांचा परिणाम महत्त्वाचा असेल, विशेषतः जड ताऱ्यांच्या अतिनील किरणांसाठी, तर बीपास हा प्रोग्राम घ्या. त्यात ठरावीक आयएमएफचे तयार तक्ते मिळतात, उतार हवा तसा फिरवता येत नाही. लहान तारागुच्छासाठी मात्र एफएसपीएस आणि बीपास दोन्ही नकोत. 100 सौरवस्तुमानांच्या गुच्छात क्रूपाप्रमाणे 1.09 जड तारे येतात, पण खऱ्या गुच्छात एक असतो, दोन असतात किंवा एकही नसतो, आणि त्यावरून त्याचा रंग पूर्ण बदलतो. अशा कामासाठी स्लग हा प्रोग्राम एकेक तारा चिठ्ठी काढल्यासारखा निवडतो. दहा हजार सौरवस्तुमानांच्या खाली काम असेल तर तोच वापरा, आणि प्रत्येक गुच्छ निदान काही शे वेळा काढून उत्तरांचा पसारा द्या, नुसती सरासरी नको.